वळणावर उभे राहणारे मास्तर

मास्तरांना मास्तर म्हणायला सुरुवात त्यांनी स्वतःच केली. त्याआधी ते घरोघर जाऊन पाण्याचे मीटर वाचणारे एक साधे गृहस्थ होते. तसे ते अजूनही आहेत. पण सायकल प्रशिक्षकाचं प्राथमिक प्रमाणपत्र हाती आलं त्या दिवशी त्यांच्या गळ्यात शिट्टी आली आणि मानेत ताठा आला, आणि दोन्ही जेवतानासुद्धा उतरेनात. घास घ्यायला वाकले की शिट्टी ताटाच्या काठावर टणकन वाजायची.

"ती तेवढी काढून ठेवा. कुणी पळवून नेत नाही," बायको म्हणायची.

"प्रशिक्षक हा चोवीस तास प्रशिक्षक असतो."

"मग मीटर कोण वाचतं?"

यावर मास्तर उत्तर देत नसत. मूर्खांच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नाही, हा त्यांचा नियम होता, आणि त्यांच्या हिशेबी मूर्ख नाही असा माणूस गावात फारसा नव्हताच.

प्राथमिक प्रमाणपत्राचं काम तसं साधं. ज्याला सायकल अजिबात येत नाही त्याला तोल सांभाळायला शिकवायचं. त्यासाठी सीट मागून धरायची आणि बरोबर पळायचं, आणि शिकणाऱ्याला कळू न देता एके ठिकाणी हात सोडून द्यायचा. हे मास्तरांना फार छान जमायचं, हे कबूल करायला हवं. बायकोलाही त्यांनी असंच शिकवलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तेव्हा प्रमाणपत्र नव्हतं आणि शिट्टीही नव्हती. ती ओरडत होती, "सोडू नका हं, सोडू नका," आणि मागून आवाज येत होता, "धरलंय, धरलंय." तो आवाज लांबलांब जायला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण एकटीच चाललोय. त्या माणसाशी संसार करायला ती आनंदाने तयार झाली होती. नंतर त्या माणसाच्या जागी हे मास्तर आले.

मास्तरांना सीट धरून पळण्याची लाज वाटू लागली. "वाकून पळायचं हे काय प्रशिक्षकाचं काम आहे? हमालाचं काम आहे," ते म्हणत. त्यांना हवा होता मधला गट. मधला गट म्हणजे ज्यांना सायकल येते पण अजून नीट येत नाही अशी माणसं. त्यांना एका हाताने चालवायला शिकवायचं, हँडल न हलवता मागे वळून बघायला शिकवायचं, चौघांच्या जथ्यात चाकाला चाक न लावता चालवायला शिकवायचं, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे वेगात वळण घ्यायला. हा गट शिकवायला मध्यम पातळीची परीक्षा द्यावी लागते. मास्तरांनी ती दोनदा दिली आणि दोनदा नापास झाले.

पहिल्या वेळी परीक्षकाने लिहिलं, बोलणं फार, बघणं कमी. दुसऱ्या वेळी लिहिलं, शिकणारे वळणावर बाहेर फेकले जातात, प्रशिक्षकाला कारण सापडलेलं नाही. हे दोन्ही कागद मास्तरांनी मोज्यांच्या खणात तळाशी ठेवले होते. मोजे धुऊन घडी करून ठेवणारं माणूस घरात दुसरंच आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

"परीक्षक जळतात माझ्यावर," ते सांगत. बायको म्हणे, "हो का." नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते काही उगीच नाही, पण नवऱ्याच्या तोंडावर ते म्हणू नये एवढं तिला कळत होतं.

आता तिसरी वेळ होती. गावातल्या सायकल क्लबचे चिटणीस, ज्यांचं चष्म्याचं दुकान होतं, त्यांनी एकदा संध्याकाळी दुकानात बोलावून मास्तरांना स्पष्ट सांगितलं. "नियम असा आहे, मास्तर, की तीन वेळा झालं नाही तर पुढे परीक्षेला बसता येत नाही. मग मधला गट मी त्या व्यायामवाल्या पोरीकडे देईन, आणि तुम्ही नवशिक्यांकडे. कायमचे."

व्यायामवाली पोरगी म्हणजे एका दवाखान्यात लोकांचे आखडलेले गुडघे मोकळे करणारी मुलगी. तिला सायकल मास्तरांनीच शिकवली होती, सीट धरून. तिने मागच्याच वर्षी मध्यम पातळीची परीक्षा एका फटक्यात पास केली होती.

"मी शिकवलेली पोर मधल्या गटाला शिकवणार आणि मी सीट धरून पळणार," मास्तर घरी आल्यावर म्हणाले. त्या दिवशी ते शिट्टी हातात घेऊन तिची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत बसले होते. बायकोला त्यांची दया आली. पण दया आली की ते काहीतरी बोलत आणि ती दया जागच्या जागी विरून जायची. त्या दिवशीही ते म्हणाले, "चूक माझीच. इतक्या मठ्ठ लोकांना घेऊन परीक्षेला बसतो."

ते मठ्ठ लोक म्हणजे परीक्षेच्या सरावासाठी क्लबने दिलेले सहा जण होते. त्यातली शिंपीणबाई दिवसभर शिलाई मशीन चालवायची आणि पायात जोर असा की पॅडल तुटेल की काय वाटावं. दातांचे डॉक्टर होते, त्यांना दुसऱ्याच्या तोंडात बघायची सवय, रस्त्यावर बघायची नाही. पाववाला होता, पहाटेपासून भट्टीपाशी असल्यामुळे शनिवारी दुपारपर्यंत अर्धा झोपेत असायचा. बाकी तिघं शाळेत शिकवायची आणि एकमेकांशी बोलतच सायकल चालवायची. सगळी बिचारी नेमाने यायची. आणि मास्तर नेमाने त्यांचा पाणउतारा करायचे.

क्रीडांगणाच्या मागे गाड्या लावायची एक मोकळी जागा होती. शनिवारी ती रिकामी असे. मास्तर तिथे केशरी प्लास्टिकचे टोकदार कोन मांडून एक वळण आखायचे, बरोबर काटकोनात. वळणाच्या बाहेरच्या बाजूला काटेरी झुडपांचं कुंपण होतं. त्या कुंपणापुढे, जिथून प्रत्येकाला आपण दिसू, अशा जागी मास्तर कमरेवर हात ठेवून उभे राहायचे. जागा त्यांनी विचार करून निवडली होती. तिथे ऊन पाठीवर येई आणि सावली लांब पडे.

"वळणाआधी ब्रेक. वळणात नाही. बाहेरचं पॅडल खाली, वजन त्याच्यावर. आणि नजर," इथे ते जोरात शिट्टी फुंकत, "नजर महत्त्वाची. नजर जिकडे तिकडे चाक. हे लिहून घ्या."

सायकलवर बसलेली माणसं काय लिहून घेणार? ती निघायची. वळणाशी आली की मास्तर शिट्टी फुंकायचे, मान वर व्हायची आणि सायकल सरळ बाहेर जायची, कोन पाडत, मास्तरांच्या रोखाने. मास्तर उडी मारून बाजूला होत आणि म्हणत, "पालथ्या घड्यावर पाणी."

"मास्तर, मी आतच बघत होते हो," शिंपीणबाई म्हणायची.

"आत बघत होतात तर माझ्या अंगावर कशा आलात? बाई, सुईत दोरा तरी ओवता येतो का तुम्हाला?"

"येतो की. सुई माझ्यासमोर शिट्टी वाजवत नाही."

बाकीचे हसले. मास्तरांनी सगळ्यांना परत दहा फेऱ्या मारायला लावल्या. दहाच्या दहा वेळा सगळे बाहेर गेले. दातांच्या डॉक्टरांचा गुडघा सोलला. पाववाला एकदा कुंपणात गेला तेव्हा पूर्ण जागा झाला, एवढाच काय तो फायदा.

परीक्षेच्या आधीच्या शनिवारी मास्तर पाण्याची बाटली घरी विसरले. बायको ती घेऊन मैदानावर गेली. बाटली द्यायला जाणार तेवढ्यात सराव सुरू झाला म्हणून ती फाटकापाशीच थांबली आणि अर्धा तास बघत राहिली. तिला वळणाचं शास्त्र कळत नव्हतं. तिला एवढंच दिसलं की सहा माणसं सहा तऱ्हांनी सायकल चालवतात, कुणी जोरात, कुणी हळू, आणि सहाच्या सहा येऊन एकाच ठिकाणी धडकतात. आणि त्या ठिकाणी तिचा नवरा उभा आहे.

घरी आल्यावर तिने ताट वाढलं, पाणी ठेवलं आणि म्हणाली, "एक विचारू?"

"विचार."

"तुम्ही तिथे उभे नसलात तर?"

"कुठे?"

"तिथेच. कुंपणापुढे. ती माणसं तुमच्याकडे बघतात. तुम्हीच म्हणता ना, नजर जिकडे तिकडे चाक. मग तुम्ही असता तिथेच येऊन पडणार ती."

मास्तरांचा घास हातात राहिला. मग ते हसले. ते हसणं तिला फार वर्षांपासून माहीत होतं. ते हसणं दार लावून घेतल्यासारखं असे.

"माझ्याकडे बघितल्याशिवाय शिकणार कसे? प्रशिक्षक दिसला पाहिजे. हे पुस्तकात आहे."

"मला शिकवलंत तेव्हा तुम्ही मागे होतात. मला तुम्ही दिसतच नव्हता. म्हणून तर मी समोर बघत होते."

"ते प्राथमिक होतं," मास्तर म्हणाले. "हे मध्यम आहे." आणि ताटाच्या काठावर शिट्टी टणकन वाजली.

बायकोने त्यांना आमटी वाढली. सकाळी अंघोळ झाल्यावर देवासमोर हात जोडताना ती नवऱ्याला पास कर असं मागत नसे. देवाला खोटं प्रमाणपत्र द्यायला सांगणं तिला बरं वाटत नव्हतं. ती एवढंच म्हणे, यांचे डोळे उघड, आणि उघडताना फार लागू देऊ नकोस.

परीक्षेच्या दिवशी ती बरोबर गेली. मास्तरांनी नको म्हटलं, पण दोनदा एकटे जाऊन काय झालं ते त्यांनाही आठवत होतं. परीक्षक म्हणून एक वयस्क, किडकिडीत बाई आल्या होत्या. त्यांच्या पायात साधे कापडी बूट होते आणि हातात चहाचा थर्मास. मास्तरांना त्या बघताक्षणी पसंत पडल्या नाहीत. परीक्षक कसा परीक्षकासारखा दिसला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं.

मास्तरांनी कोन मांडले. सहा जणांना ओळीत उभं करून वीस मिनिटं भाषण केलं. गुरुत्वाकर्षण, घर्षण, रबराचे प्रकार. पाववाला उभ्या उभ्या डुलत होता. मग मास्तर कुंपणापुढे आपल्या जागी जाऊन उभे राहिले, छाती पुढे काढली आणि शिट्टी फुंकली.

शिंपीणबाई बाहेर गेली. डॉक्टर बाहेर गेले. शाळेतली तिघं बोलत बोलत बाहेर गेली. पाववाल्याने तर मास्तरांचा उजवा बूट चाकाखाली घेतला.

परीक्षक बाई थर्मासच्या झाकणातून चहा पीत होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, "हे बाहेर का जातायत, मास्तर?"

"लक्ष देत नाहीत. मुळात समज कमी."

"सहाही जणांची?"

"दुर्दैवाने."

फाटकापाशी उभ्या असलेल्या बायकोने खाली बघितलं.

"बरं," परीक्षक बाई म्हणाल्या. "तुम्ही घेऊन दाखवा एकदा वळण. ती शिट्टी द्या इकडे. मी तुमच्या जागी उभी राहते."

मास्तरांना हेच हवं होतं. या बाईंना आता कळेल, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ वाचता येत होतं. त्यांनी डॉक्टरांची सायकल घेतली, कारण ती सगळ्यात महाग होती, आणि लांबून वेग घेत आले. पाठ सरळ, कोपर सैल, बाहेरचं पॅडल खाली, सगळं पुस्तकातल्यासारखं. वळणाशी आले आणि परीक्षक बाईंनी शिट्टी फुंकली.

आता मास्तरांनी काय करावं? त्यांनी बघितलं. परीक्षक बाई बघतायत ना, आवडलं ना त्यांना, हे बघायला त्यांनी बघितलं. जन्मभर त्यांनी दुसरं काय केलं होतं? सायकल अगदी डौलात, एका सरळ रेषेत बाहेर गेली. परीक्षक बाई थर्मास सांभाळून दोन पावलं बाजूला झाल्या, जणू ओळखीचं मांजर आडवं गेलं, आणि मास्तर झुडपात शिरले.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. शिंपीणबाईने सायकल उचलली, डॉक्टरांनी मास्तरांच्या कोपरातला काटा चिमटीने काढला. दुसऱ्याच्या दुखण्यात त्यांचा हात हलका होता.

"चाकात काहीतरी आहे," मास्तर म्हणाले. पडलो तरी नाक वर. नाकालाही ओरखडा होता.

"चाक चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

परीक्षक बाईंनी घड्याळ बघितलं. "तुमची अजून पंधरा मिनिटं शिल्लक आहेत. हेच वळण, हीच माणसं. मला काही सांगू नका. त्यांना शिकवा." शिट्टी त्यांनी परत दिली नाही. स्वतःच्या खिशात टाकली.

मास्तर मधोमध उभे राहिले. पंधरा मिनिटांनी एकतर मधला गट त्यांचा होणार होता, नाहीतर उरलेलं आयुष्य वाकून पळायचं होतं. गळ्यात नेहमीचं वजन नव्हतं म्हणून हात सारखा छातीकडे जात होता आणि रिकामा परत येत होता. त्यांनी फाटकाकडे बघितलं. बायको त्यांच्याकडे बघत नव्हती. ती डोळे मिटून, ओठ हलवत उभी होती.

मग मास्तर चालू लागले. कुंपणाकडे नाही. सहा जण उभे होते त्यांच्याही मागे जाऊन ते थांबले. वळण जिथे संपत होतं तिथे एक दिव्याचा खांब होता, अर्धा हिरवा रंग उडालेला. खरखरीत आवाजात ते म्हणाले, "त्या खांबाकडे बघा. फक्त खांब. मी तुमच्या मागून येतोय."

शिंपीणबाई निघाली. मास्तर तिच्या मागे पळाले, थोडे वाकून, जुन्या सवयीने. वळणाशी ती क्षणभर बावरली. तिला शिट्टीची वाट बघायची सवय लागली होती. मागून फक्त आवाज आला, "खांब, बाई, खांब." सायकल आत कलली आणि वळली. कोन एकही पडला नाही. शिंपीणबाईने खांबापाशी जाऊन थांबून मागे बघितलं तेव्हा तिचा चेहरा असा झाला होता की बघणाऱ्याने तोंड फिरवावं. तीन महिने मठ्ठ म्हणवून घेतलेल्या माणसाचा चेहरा तो.

डॉक्टर वळले. शाळेतली तिघं वळली, आणि पहिल्यांदाच गप्प बसून वळली. पाववाला दोनदा वळला, एकदा सांगितलं म्हणून आणि एकदा स्वतःहून.

मास्तरांना धाप लागली होती. शर्ट घामाने भिजला होता. परीक्षक बाई जवळ आल्या, त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि लिहिता लिहिता विचारलं, "हे कसं सुचलं तुम्हाला?"

फाटक तिथून दहा पावलांवर होतं. बायकोने डोळे उघडले होते आणि तिला सगळं ऐकू येत होतं. मास्तरांनाही ते माहीत होतं.

"अनुभवातून," मास्तर म्हणाले.

परीक्षक बाईंनी फाटकाकडे एकदा बघितलं. मग कागदावर सही केली. मास्तर पास झाले. शेऱ्यात एकच ओळ होती, प्रशिक्षकाने स्वतःची जागा बदलल्यावर सर्वांना जमले. शिट्टी परत देताना बाई म्हणाल्या, "ही लहान मुलांच्या खेळण्यात बरी."

नवं प्रमाणपत्र भिंतीवर जुन्याच्या वर लागलं. पुढचे पंधरा दिवस ज्या घरी मीटर वाचायला जातील तिथे मास्तर वळणाची नवी पद्धत सांगत होते. माझी पद्धत, असं म्हणत. लोक बिचारे पाणी किती वापरलं ते ऐकायला दारात उभे असत. चष्मेवाल्या चिटणीसांना मास्तरांनी सांगितलं की परीक्षक बाई आश्चर्याने थक्क झाल्या. झुडपाचा उल्लेख कुठेच नव्हता. नाकावरच्या ओरखड्याचं कारण विचारलं तर मांजर असं सांगत, आणि घरात मांजर नव्हतं.

बायकोने यातलं काही खोडून काढलं नाही. परमेश्वराने डोळे उघडून दिले, तोंड बंद करणं त्याच्याकडे मागितलं नव्हतं, आता कुरकुर कशाला, एवढंच ती स्वतःशी म्हणाली.

पुढच्या शनिवारी मधल्या गटात एक नवीन बाई आल्या होत्या. बायको पाण्याची बाटली घेऊन गेली, कारण बाटली पुन्हा विसरली होती. पहिलाच प्रयत्न, आणि मास्तर सवयीने कुंपणापुढे उभे. नवीन बाई वळणाशी आल्या आणि सरळ मास्तरांच्या रोखाने निघाल्या. मास्तरांचं तोंड उघडलं. मठ्ठ हा शब्द ओठांपर्यंत आला होता, फाटकापासून दिसत होता. मग त्यांनी खाली स्वतःच्या बुटांकडे बघितलं. उजव्या बुटावर पाववाल्याच्या चाकाची रेघ अजून होती. ते तिथून निघाले आणि चालत सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले.

"परत या," ते नवीन बाईंना म्हणाले. "सोपं आहे. मी मागे आहे."

घरी जेवताना ते म्हणाले, "बघितलंस का? जागा बदलली मी."

"बघितलं."

"कुणी सांगावं लागलं नाही."

"नाही," बायको म्हणाली आणि त्यांना आणखी वाढलं.

ते वाकून जेवत होते. ताटाच्या काठावर काही वाजलं नाही. बायकोने वर बघितलं तर शिट्टी दाराजवळच्या खिळ्याला लटकत होती. तिच्या लक्षात आलेलं मास्तरांच्या लक्षात आलं. ते घाईने म्हणाले, "दोरी तुटायला आलीय. म्हणून काढली."

दोरी नवी कोरी होती. तिनेच गेल्या महिन्यात घातली होती.